ओतीव ॲल्युमिनियमच्या गिअरबॉक्सचा तुटलेला कान वेल्डिंगने जोडता येईल का?

प्रश्न : जुने_यंत्र

नमस्कार मंडळी.

एका जुन्या कन्व्हेयरच्या छोट्या गिअरबॉक्सचे हाउसिंग ओतीव ॲल्युमिनियमचे आहे. त्याच्या बुडाला चार कान असून प्रत्येक कानातून एक बोल्ट खालच्या पोलादी चौकटीत जातो. त्यांपैकी एक कान मुळापासून तुटून हातात आला आहे, आणि तुटल्या जागेपासून एक तडा भिंतीतून वर बेअरिंगच्या बैठकीच्या दिशेने गेलेला दिसतो. भिंतीची जाडी सुमारे ५ मिलिमीटर असून कानापाशी ती १२ मिलिमीटरपर्यंत वाढते. बैठकीत ६२ मिलिमीटर बाह्य व्यासाचे बेअरिंग बसते. हे मॉडेल आता बनत नाही, त्यामुळे नवे हाउसिंग मिळण्याची आशा नाही. तुटलेला तुकडा मी जपून ठेवला आहे आणि तो आपल्या जागी नीट बसतोही.

यापूर्वी कोणीतरी दोन भागांच्या इपॉक्सीने तडा भरलेला होता, परंतु आतून तेल झिरपत राहिल्याने ती लुकण सुटून आली. एका वेल्डिंग कारागिराने भाग हातात घेऊन "हे डायकास्टिंग आहे, यावर आर्गन धरत नाही" (आर्गन म्हणजे आर्गन वायूच्या आवरणात विजेच्या आर्कने केलेले वेल्डिंग) असे सांगून तो परत दिला. दुसऱ्याने काहीही न विचारता "ठेवून जा, दहा मिनिटांचे काम आहे" असे सांगितले. खरे सांगायचे तर नकार देणाऱ्यापेक्षा मला या दुसऱ्याचीच अधिक धास्ती वाटली.

माझे प्रश्न असे आहेत. हा भाग मुळात वेल्डिंगला योग्य आहे की नाही, हे घरच्या साधनांनी कसे ओळखावे? फिलर रॉड (जोडात वितळवून भरायची सळई) कोणता मागावा? आणि एवढी उष्णता दिल्यावर बेअरिंगची बैठक वेडीवाकडी होणार नाही याची खबरदारी कशी घ्यावी?

प्रतिसाद : आर्गनकर

पहिल्या कारागिराचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि दुसऱ्याबद्दलची आपली धास्ती पूर्णपणे रास्त आहे. ओतीव ॲल्युमिनियमच्या कामाचे यशापयश आर्क पेटण्यापूर्वीच बहुतांशी ठरलेले असते, कारण धातू नेमका कोणता आहे आणि त्याच्या अंगात तेल किती मुरले आहे या दोन गोष्टींवरच सारे अवलंबून असते. प्रत्यक्ष जोडकाम हा त्यातला लहान भाग आहे.

आधी धातूची ओळख पटवा. करड्या रंगाच्या, चुंबक न धरणाऱ्या प्रत्येक ओतीव भागाला आपण सर्रास ॲल्युमिनियम म्हणतो, पण तो जस्ताचा मिश्रधातू असू शकतो किंवा क्वचित मॅग्नेशियमचाही असू शकतो. जस्ताचा ओतीव मिश्रधातू सुमारे ३८० ते ३९० अंश सेल्सिअसलाच वितळतो, त्यामुळे त्यावर आर्क लावला की दाट पांढरा धूर उठतो आणि रस जागच्या जागी न थांबता कोसळतो. मॅग्नेशियमचा धोका वेगळ्या जातीचा आहे. त्याचा बारीक कीस ठिणगीने पेट घेतो आणि पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी मारल्यास आग भडकते. ती कोरड्या वाळूने किंवा त्यासाठीच्या खास कोरड्या पुडीने झाकावी लागते. म्हणून ओळख पटेपर्यंत त्या भागावर ग्राइंडर चालवू नका.

आपल्याजवळ तुटलेला तुकडा सुटा आहे हे उत्तमच झाले. तो बारीक तराजूवर तोला, मग दोऱ्याने तराजूला टांगून पूर्णपणे पाण्यात बुडेल पण भांड्याला टेकणार नाही असा धरून पुन्हा तोला. ग्रॅममध्ये जी घट येईल तितके घन सेंटिमीटर त्याचे आकारमान असते, आणि कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागले की घनता मिळते. ॲल्युमिनियमच्या ओतीव मिश्रधातूंची घनता २.७ च्या आसपास, जस्ताच्या मिश्रधातूंची ६.६ च्या आसपास आणि मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंची १.८ च्या आसपास येते. या तीन आकड्यांत इतके अंतर आहे की तराजू थोडा चुकला तरी निकाल चुकत नाही. खात्रीसाठी घासून उजळ केलेल्या जागी व्हिनेगरचा थेंब टाकावा. मॅग्नेशियम असेल तर तो लगेच फसफसतो, ॲल्युमिनियमवर काही होताना दिसत नाही.

आता तेलाविषयी. गिअरबॉक्सचे हाउसिंग वर्षानुवर्षे गरम तेलात राहिलेले असते, आणि ओतीव धातूतील सूक्ष्म पोकळ्यांत, तसेच तड्याच्या दोन्ही ओठांत ते तेल खोल मुरलेले असते. वरून कितीही पुसले तरी आर्कच्या उष्णतेने ते उकळून रसात येते, रस काळवंडतो, आणि थंड झाल्यावर आतून जाळीदार, भुसभुशीत जोड मिळतो. त्यामुळे बेअरिंगे, सील, ओ-रिंगा आणि जुनी इपॉक्सी काढून टाका. साबणाच्या कढत पाण्याने भाग धुऊन पूर्ण वाळवा आणि त्यानंतर तो ओव्हनमध्ये साधारण १५० ते १८० अंशांपर्यंत हळूहळू तापवा. ओव्हन स्वयंपाकाचा नसावा आणि तो उघड्या हवेत ठेवावा. तापल्यावर तेल घामासारखे पृष्ठभागावर येते. ते कोरड्या फडक्याने टिपून घ्या, भाग थंड झाल्यावर ॲसिटोनने पुसा आणि पुन्हा तापवा. तेलाचा डाग येणे थांबेपर्यंत हे करत राहावे लागते. यात घाई केली तर पुढच्या कशालाही अर्थ उरत नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण तिची माहिती नसणारे अनुभवी लोकही मला भेटले आहेत. ब्रेक साफ करण्याच्या काही फवाऱ्यांत क्लोरीनयुक्त द्रावक असतात. असा द्रावक भागाच्या खाचेत थोडासा जरी राहिला, तरी आर्कची उष्णता आणि अतिनील किरणे यांमुळे त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. वेल्डिंग करायच्या भागाजवळ असा फवारा आणूच नये. ॲसिटोन चालते, पण तेही पूर्ण उडून गेल्याशिवाय आर्क किंवा ज्योत जवळ नको, आणि ॲसिटोनने ओला भाग कधीही ओव्हनमध्ये ठेवू नये.

प्रतिसाद : ओतशाळा

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. ओतकामाच्या बाजूने थोडी भर घालतो.

"डायकास्टिंगवर आर्गन धरत नाही" हा समज कुठून आला ते समजून घेतले तर पुढचा मार्ग सोपा होतो. वाळूच्या साच्यात किंवा गुरुत्वाने भरणाऱ्या लोखंडी साच्यात रस शांतपणे भरतो. डायकास्टिंगमध्ये तो फार मोठ्या दाबाने, अत्यंत वेगाने साच्यात मारला जातो, त्यामुळे साच्यातली हवा आणि साच्याला लावलेल्या वंगणाची वाफ बारीक बुडबुड्यांच्या रूपाने धातूत दाबून कोंडली जाते. भाग घट्ट असतो तोवर हे बुडबुडे निमूट असतात, परंतु आर्कखाली धातू पुन्हा वितळला की तो कोंडलेला वायू फुगून फटफटत बाहेर पडतो. त्यात हायड्रोजनची भर पडते. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन घट्ट ॲल्युमिनियमपेक्षा कित्येक पटींनी अधिक विरघळतो, त्यामुळे ओलावा किंवा तेल यांतून रसात शिरलेला हायड्रोजन गोठताना बाहेर फेकला जातो आणि सुटायला वेळ न मिळाल्यास छिद्रे करून बसतो. म्हणजे धातू जोड धरत नाही असे नसून, तो आधी आपले पोट रिकामे करू पाहतो.

आपला भाग डायकास्टिंगचा आहे की वाळूच्या साच्यातला, हे डोळ्यांनी ओळखता येते. आतल्या बाजूला नाण्यासारखे छोटे गोल ठसे दिसले, तर ते साच्यातून भाग ढकलून काढणाऱ्या पिनांचे आहेत. भिंती पातळ व एकसारख्या आणि पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर तो डायकास्टिंगचाच मानावा. वाळूच्या साच्यातल्या भागाची कातडी खरखरीत, दाणेदार असते. तुटलेली बाजूही भिंगाखाली पाहा. वायूची छिद्रे गोल आणि आतून चकचकीत दिसतात, तर गोठताना रस अपुरा पडल्याने झालेली आक्रसण्याची छिद्रे ओबडधोबड आणि दातेरी असतात.

मिश्रधातूचा अंदाज कॉस्टिक सोड्याने घेता येतो. हातमोजे आणि चष्मा घालून, कानशीने उजळ केलेल्या जागी सोड्याच्या पाण्याचा थेंब काही मिनिटे ठेवा आणि धुऊन टाका. शुद्ध किंवा मॅग्नेशियम मिसळलेले ॲल्युमिनियम पांढरे राहते, सिलिकॉन असल्यास डाग करडा होतो, आणि तांबे असल्यास तो काळा पडतो. डायकास्टिंगमध्ये बहुधा एडीसी १२, ए ३८० किंवा एलएम २४ या जातीचा, म्हणजे भरपूर सिलिकॉन आणि थोडे तांबे असलेला धातू वापरलेला असतो. वाळूच्या साच्यात एलएम ६ किंवा एलएम २५ ची शक्यता जास्त असते.

फिलरबद्दल माझे मत स्पष्ट आहे. अशा भागावर ५३५६ हा रॉड वापरू देऊ नये. तो दुकानादुकानांत असतो, ताकदीला चांगला असतो आणि म्हणून तोच पुढे केला जातो. परंतु त्यात सुमारे ५ टक्के मॅग्नेशियम आहे, आणि ते ओतीव भागातल्या सिलिकॉनशी मिळून मॅग्नेशियम सिलिसाइड तयार करते, ज्यामुळे जोड ठिसूळ होऊन तडकण्याकडे झुकतो. सिलिकॉनच्या ओतीव धातूला सिलिकॉनचाच रॉड द्यावा. ४०४३ मध्ये सुमारे ५ टक्के सिलिकॉन असते आणि तो बहुतेक ओतीव कामाला पुरतो. ४०४७ मध्ये सुमारे १२ टक्के असते. तो ५८० अंशांच्या आसपास, अगदी अरुंद पट्ट्यात वितळतो व गोठतो, पातळ वाहतो आणि गोठताना तडकण्याचा धोका कमी ठेवतो. तेल प्यालेल्या डायकास्टिंगसाठी माझी पसंती ४०४७ ला आहे. सुमारे ४ टक्के तांबे असलेला ४१४५ हाही तांबेयुक्त ओतीव धातूला चांगला जुळतो, पण तो सहज मिळत नाही.

प्रतिसाद : जुने_यंत्र

दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे सर्व तपासण्या केल्या.

तुटलेला कान कोरडा ८१ ग्रॅम भरला आणि पाण्यात लोंबकळत ५१ ग्रॅम. म्हणजे आकारमान ३० घन सेंटिमीटर आणि घनता बरोबर २.७ आली. व्हिनेगरने काही झाले नाही. कॉस्टिकचा डाग काळपट आला. हाउसिंगच्या आत पिनांचे गोल ठसे आहेत, आणि तुटलेल्या बाजूला भिंगातून मोहरीएवढी काही गोल, चकचकीत छिद्रे दिसतात. तेव्हा तांबेयुक्त डायकास्टिंग हे नक्की झाले.

सर्वांत उपयोगी गोष्ट मात्र ओव्हनमध्ये समजली. भाग तापल्यावर तड्याच्या रेषेवर तेलाची काळी धार उमटली, आणि ती डोळ्यांना दिसणाऱ्या तड्याच्या टोकापाशी न थांबता आणखी १२ मिलिमीटर पुढे गेलेली होती. बैठकीच्या कडेपासून तिचे खरे टोक आता जेमतेम ८ मिलिमीटरवर आहे. आता डाग येणे जवळजवळ थांबले आहे. बैठकीच्या इतक्या जवळ वेल्डिंग करणे शहाणपणाचे आहे का?

प्रतिसाद : सोपा_उपाय

कमी तापमानाला वितळणारे ॲल्युमिनियम जोडण्याचे रॉड मिळतात. ते साध्या गॅसच्या ज्योतीवर चालतात, आर्गनची गरज पडत नाही आणि भाग फारसा वाकतही नाही. तेच का वापरू नये?

प्रतिसाद : आर्गनकर

ते रॉड जस्तप्रधान असतात आणि चारशे अंशांच्या आतबाहेर वितळतात. मूळ धातू त्यात वितळत नाही. ऑक्साइडचा थर ब्रशने खरवडून त्याखाली जस्ताचा रस पसरवायचा असतो. तुटलेले झाकण, निखळलेला पंख किंवा भार नसलेला कोपरा यांसाठी ते उपयोगी आहेत, आणि त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र येथे कानावर बोल्टचा ताण आणि मोटारीचे हिसके दोन्ही येणार आहेत. शिवाय एकदा जस्त लावले की ती जागा आर्गनसाठी बाद होते, कारण पुढे कधी आर्क लावला तर ते जस्त उकळून सगळा रस नासवते. हा प्रयोग फसल्यावर मागे फिरता येत नाही, म्हणून तो आधी करू नये.

प्रतिसाद : बोरगेज

मी यंत्रकामातला आहे, वेल्डर नाही. बैठकीच्या प्रश्नापुरते सांगतो.

६२ मिलिमीटरच्या बैठकीला एच ७ ही भोकाच्या मापातील फरकाची सर्वसाधारण मर्यादा धरली तर तिच्या व्यासात एकूण ०.०३ मिलिमीटरचीच मुभा असते. ॲल्युमिनियम प्रत्येक अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे दहा लाखांत २४ भाग इतके प्रसरण पावते, म्हणजे भाग नुसता १५० अंशांनी तापवला तरी ही बैठक ०.२२ मिलिमीटरने मोठी होते. सगळा भाग एकसारखा तापला आणि एकसारखा निवला तर ती जवळजवळ मूळ मापावर परत येते. अडचण होते ती एकाच बाजूला उष्णता दिल्यावर, कारण ती बाजू गोठताना आक्रसते आणि बैठक त्या बाजूला ओढली जाऊन लंबगोल होते. म्हणून संपूर्ण हाउसिंग आधी समान तापवणे हे जोडासाठी जितके आवश्यक आहे तितकेच मापासाठीही आहे.

काम सुरू होण्यापूर्वी बैठक चार दिशांनी मोजून आकडे लिहून ठेवा. हाउसिंगचा दुसरा अर्धा भाग असेल तर तो सर्व बोल्टांनी आवळून बसवा, तसेच बुड एका जाड, सपाट पट्टीवर बोल्टांनी बांधा. बैठकीत जुने, निकामी बेअरिंगचे बाहेरचे कडे किंवा त्याच मापाचा खरादलेला पोलादी ठोकळा सरकवून ठेवावा. गरम असताना तो सैल होईल, त्याची चिंता नको. निवताना बैठक आक्रसू लागते तेव्हा तो तिला गोल राहायला भाग पाडतो.

एवढे करूनही माप बिघडू शकते, हे गृहीत धरूनच काम हाती घ्या. तसे झाल्यास बैठक दोन-तीन मिलिमीटरने मोठी बोअर करून त्यात बुश (धातूचे नळीसारखे कडे) दाबून बसवता येते आणि मग बुश अंतिम मापाला बोअर करता येते. त्यासाठी बैठकीभोवती पुरेसा धातू आहे का, ते आत्ताच पाहून घ्या. दुसऱ्या टोकाच्या बैठकीशी एकरेषेत बोअर करता यावे म्हणून दोन्ही अर्धे भाग जोडूनच हे काम करायचे असते.

आणखी एक, थोडे विषयाच्या कडेने. कान तुटला का, हे कोणी विचारलेले दिसत नाही. चौकटीवर हाउसिंग बोल्ट न आवळता ठेवा आणि प्रत्येक कानाखाली फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) सरकवून पाहा. एखादा कान अधांतरी असेल आणि बोल्टने तो जबरदस्तीने खाली ओढला जात असेल, तर त्या कानावर यंत्र बंद असतानाही ताण असतो. अशी फट राहिली तर वेल्डिंग कितीही उत्तम झाले तरी कान पुन्हा तिथेच किंवा शेजारी तुटेल. फटीच्या मापाची पातळ पत्री खाली घालणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

प्रतिसाद : आर्गनकर

बोरगेज यांनी सांगितलेला शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. आता प्रत्यक्ष कामाच्या क्रमाविषयी लिहितो. कारागिराशी बोलताना आपल्याला तो उपयोगी पडेल.

तड्याच्या खऱ्या टोकाच्या किंचित पुढे ३ मिलिमीटरचे आरपार भोक पाडा. तड्याचे टोक सुईसारखे तीक्ष्ण असते आणि उष्णतेच्या ताणाने ते पुढे पळते; गोल भोकात गेल्यावर ताण वाटला जाऊन ते थांबते. बैठकीची कड ८ मिलिमीटरवर असल्याने भोकासाठी जागा आहे. टोक आणि भोक यांची गाठ पडली की नाही हे डाय पेनिट्रंटने (भेगेत शिरून ती दाखवणाऱ्या रंगीत द्रवाने) तपासावे, आणि त्यानंतर तो रंग पुन्हा तितक्याच काळजीने धुऊन काढावा, नाहीतर तोच जोडातली घाण होतो.

खाच कार्बाइडच्या बरने (फिरत्या दातेरी कटरने) करावी. साध्या ग्राइंडिंगच्या चाकात ॲल्युमिनियम भरून बसते, चाक तापते आणि फुटूही शकते. शिवाय चाकाचे कण मऊ धातूत रुततात ते वेगळेच. ६० ते ९० अंशांची व्ही खाच करा, पण ती आरपार नेऊ नका. तळाशी एक-दीड मिलिमीटर मूळ तुटलेला पृष्ठभाग तसाच राहू द्या, कारण त्याचे खाचखळगे एकमेकांत बसूनच कान अचूक जागी येतो. एका बाजूने टॅक (तुकडा जागी धरणारे छोटे टाके) मारून भरल्यावर मागच्या बाजूने तो उरलेला थर बरने काढून टाकायचा आणि तिकडूनही भरायचे. शेवटी ब्रश स्टेनलेसचा आणि केवळ ॲल्युमिनियमसाठी राखून ठेवलेला हवा. लोखंडावर वापरलेला ब्रश येथे चालत नाही. रॉडही ॲसिटोनने पुसून घ्यावा, हे बहुतेक जण विसरतात.

ब्रशने घासण्यामागचे कारण असे की ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा २,००० अंशांच्याही वर. पापुद्रा तसाच राहिला तर आत रस होऊनही वरचे कातडे फुटत नाही आणि दोन काठ एकजीव होत नाहीत. म्हणूनच हे काम एसी करंटवर करतात. प्रत्येक आवर्तनाच्या ज्या भागात टंगस्टन (टॉर्चमधली, आर्क जिच्यातून निघतो ती कांडी) धन असते, त्या भागात पृष्ठभागावरचा ऑक्साइड उडवला जातो, आणि ज्या भागात ते ऋण असते, त्या भागात बहुतेक उष्णता कामात जाते. नव्या यंत्रांवर या दोहोंचे प्रमाण बदलता येते. तेलकट ओतीव भागासाठी साफसफाईचा वाटा थोडा वाढवावा, मात्र तो फार वाढवल्यास टंगस्टन वितळून गोळा होतो. करंटचा ढोबळ हिशोब दर मिलिमीटर जाडीला सुमारे ४० अँपिअर असा आहे. भाग आधी तापवलेला असल्यास तो कमी लागतो. वायू शुद्ध आर्गनच हवा. कार्बन डायऑक्साइड मिसळलेला वायू ॲल्युमिनियमला चालत नाही.

आधी तापवण्याचे तापमान १५० अंशांच्या आसपास पुरे. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडासारखा रंग बदलत नाही, त्यामुळे नजरेवर विसंबून ज्योत धरणाऱ्याच्या हातून पातळ भिंत एकाएकी गळून पडते. उजळ पृष्ठभागावर इन्फ्रारेड थर्मामीटरही प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी तापमान दाखवतो. ठरावीक अंशाला वितळणारा तापमानाचा खडू वापरावा, किंवा थर्मामीटरसाठी एक ठिपका उष्णता सहन करणाऱ्या काळ्या रंगाने रंगवून तेथेच मोजावे.

यानंतर खाचेच्या दोन्ही काठांवरून रॉड न घालता, किंवा अगदी थोडा घालून, हलका आर्क फिरवायचा. कोंडलेला वायू आणि उरलेले तेल फटफटत वर येईल, आणि रसावर मिरपुडीसारखे काळे ठिपके तरंगतील. ते पाहून कारागिराने हात आखडता घेऊ नये आणि त्यावर रॉड तर मुळीच ओतू नये. निवू द्यावे, तो भुसभुशीत थर बरने काढून टाकावा, ब्रश मारावा आणि पुन्हा आर्क फिरवावा. रस आरशासारखा स्वच्छ दिसू लागेपर्यंत असे करत राहावे, आणि मगच ४०४७ ने दोन्ही काठ जोडावेत. डायकास्टिंगचे सगळे रहस्य या कंटाळवाण्या भागात आहे, आणि दहा मिनिटांचा वायदा करणारा नेमका हाच भाग गाळतो.

जोड भोकाच्या बाजूने सुरू करून मोकळ्या कडेकडे न्यावा. एकदम लांब रेघ न ओढता २० ते २५ मिलिमीटरचे तुकडे करावेत. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी करंट पायडलने हळूहळू उतरवत खड्डा रॉडने भरून घ्यावा, कारण आर्क झटकन तोडला की त्या खड्ड्यात चांदणीसारखी भेग पडते. भोक सर्वांत शेवटी भरायचे. भोकाच्या पलीकडे बैठकीपर्यंत उरलेल्या पट्ट्यात आर्क नेण्याची गरज नाही. काम झाल्यावर भाग सिरॅमिकच्या कोरड्या गोधडीत गुंडाळून आपोआप निवू द्यावा. हवेचा झोत किंवा पाणी कदापि नको. कामाच्या वेळी हवा खेळती ठेवावी, कारण ॲल्युमिनियमवरच्या आर्कभोवती ओझोन बराच तयार होतो.

ताकदीविषयीही स्पष्ट सांगायला हवे. जोड मूळ भागाइतका बळकट होईल असे मी म्हणणार नाही, परंतु गिअरबॉक्सच्या कानाला तो पुरतो, विशेषतः कानाच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी थोडी गोलाई भरून घेतली तर. स्टिअरिंगचे सांधे, गाडीची ॲलॉय चाके किंवा दाबाखालची भांडी असा काही भाग असता, तर हा सगळा खटाटोप मी सुचवलाच नसता.

प्रतिसाद : जुने_यंत्र

कानांखाली फीलर गेज घालून पाहिला. तुटलेल्या कानाच्या तिरप्या समोरचा कान चौकटीपासून ०.४ मिलिमीटर अधांतरी आहे. तेव्हा तुटण्याचे कारणही बहुधा सापडले. काम कोणाकडे द्यायचे हे आता ठरवतो. फिलरचा क्रमांक आणि तेल घालवण्याची पद्धत विचारल्यावर समोरची व्यक्ती काय उत्तर देते त्यावरून निवड करेन. काम होऊन आल्यावर, तेल भरून यंत्र चालवण्याआधी जोड तपासण्याची एखादी साधी रीत असल्यास सांगावी.

प्रतिसाद : ओतशाळा

तड्यासाठी डाय पेनिट्रंट पुन्हा वापरा. गळती पाहण्यासाठी ओतशाळेतली जुनी रीत अशी की जोडाच्या बाहेरच्या बाजूला खडूची पूड पाण्यात कालवून तिचा पातळ लेप द्यावा, तो वाळला की आतल्या बाजूने रॉकेल लावावे आणि काही तास थांबावे. रॉकेल तेलापेक्षा पातळ असल्याने अगदी बारीक वाटेतूनही बाहेर येते आणि पांढऱ्या लेपावर ओला डाग उमटतो.

डाग रेषेसारखा लांबट आला तर ती भेग आहे. तेवढा भाग पुन्हा बरने उघडून, तेल आणि रॉकेल तापवून घालवून, नव्याने भरावा लागेल. एखादाच टिंबासारखा डाग आला तर ते छिद्र आहे आणि त्यासाठी पुन्हा आर्क लावणे मी टाळेन, कारण डायकास्टिंगमध्ये एक छिद्र बुजवताना शेजारी दुसरे उघडते. ती जागा स्वच्छ करून, भाग थोडा कोमट असताना छिद्रात शिरणारे पातळ सीलंट लावावे; भार पेलण्याचे काम जोड करतो आहे, सीलंटला केवळ तेल अडवायचे आहे. बैठकीचे माप मात्र भाग पूर्ण थंड झाल्यावर, बांधलेली पट्टी आणि आतला ठोकळा काढून मगच घ्या, आणि ०.४ मिलिमीटरच्या फटीत पत्री घातल्याशिवाय त्या अधांतरी कानाचा बोल्ट आवळू नका.